सहा ठोके आणि थोरली

तुरिन, ९ नोव्हेंबर १९७५

प्रिय बाचीमामा,

गुडघा कसा आहे? आईने जेनोवाहून पाठवलेलं मलम लावता, की बोकडाला चाटायला देता?

माझी नोकरी पक्की झाली. थिएटरात अंधारात टॉर्च धरून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं, बस्स. काम सोपं आहे, सिनेमा सोपा नाही. 'शिंपिणीच्या सात सुया' नावाचा खुनांचा सिनेमा लागलाय आणि रोजच्या चारही खेळांना मला मागच्या भिंतीशी उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी मी संडासात जाऊन बसले. मॅनेजर दारावर थाप मारून म्हणाला, "पोरी, भीती तिकीटवाल्यांसाठी आहे, पगारवाल्यांसाठी नाही. बाहेर ये."

मग मी उभी राहायला लागले, पण डोळे गच्च मिटून. वाटलं, दिसलं नाही की झालं. कसलं काय! डोळे मिटल्यावर भीती कानातून आत शिरते. या सिनेमाला नेहमीची व्हायोलिनं नाहीत. चर्चमधला ऑर्गन वेडा होऊन रस्त्यावर धावत सुटावा तसा एक ऑर्गन आहे, ढोल आहेत, विजेची गिटार आहे, आणि एक बाई शब्दांशिवाय गाते. शिंपीण जिना चढायला लागते तेव्हा फक्त ऑर्गन उरतो. सहा ठोके. मग काहीच नाही. मग एक जड, खालचा ठोका.

मामा, काल त्या 'काहीच नाही'च्या वेळी माझी मूठ आपोआप वर गेली होती. टॉर्च त्याच मुठीत होता. सगळं छत उजळलं, पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, आणि मॅनेजरने मला पुन्हा झापलं. पण मला घाम फुटला तो त्याच्यामुळे नाही. सहा ठोके, मूठ वर, थांबा, मग थोरली. हे आपलं आहे. वाल्स्कुराचं आहे. हे वाजवणारा माणूस आपल्या घंटांच्या मनोऱ्यात उभा राहिलेला आहे.

तुमच्या घरात जे नाव घ्यायचं नाही ते मी लिहीत नाही. पण तुमच्याशिवाय असं वाजवणारा दुसरा कोण आहे, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
नीवेस


वाल्स्कुरा, १६ नोव्हेंबर

नीवे,

मलम मीच लावलं. बोकड शहाणा आहे, त्याने वास घेतला आणि पाठ फिरवली.

तुझं पत्र वाचलं. जगात लंगडत वाजवणारी माणसं पुष्कळ असतात, म्हणून सगळी काय आपल्या गावची होतात? सिनेमावाल्यांनी कुठूनतरी उचललं असेल.

पण तू म्हणतेस ते इतकं सोपं नाही, हे मलाही कळतं. आपल्या पाच घंटांपैकी थोरली १८८७च्या भूकंपात तिरकी झाली. तिच्या लाकडी दांड्यावर मूठ मारली, दांड्याला बांधलेली तार ओढली गेली, तरी तिचा लोलक आपला सावकाश, एखाद्या जाड बाईसारखा उठतो. म्हणून माझ्या आज्यापासून आम्ही सहा ठोके मारतो, मूठ वर धरतो, ती तयार झाली की मारतो. शेजारच्या गावातले घंटावाले आम्हाला लंगडे म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या घंटा सरळ आहेत आणि माणसं वाकडी.

हे थांबणं कागदावर लिहिलेलं नाही. ते दंडात असतं. मी ते माझ्या आयुष्यात एकालाच शिकवलं, माझ्या पोराला.

सहा वर्षांपूर्वी संत रोक्कोच्या मिरवणुकीत तू चौकातच होतीस, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. रेडिओवर ऐकलेलं काहीतरी त्याने वरून वाजवलं. पालखी खांद्यावर घेतलेल्यांची पावलं चुकली, आणि संतांच्या मूर्तीच्या पायाशी बसवलेला कुत्रा खाली पडून त्याची शेपटी मोडली. अख्खा गाव हसला. मी खाली बोलावून सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत या जिन्याला पाय लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला. जेनोवात तो उतरला होता म्हणे, त्या पत्त्यावर मी एक कार्ड टाकलं होतं. 'इथे कोणी नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

विषय संपला. थंडीचं जप.

बाची

ता. क. – तो थांबतो तो किती वेळ? एक श्वास की दीड? थोरलीला दीड लागतो. नीट मोजून लिही.


तुरिन, २४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

दीड. बारा खेळांत बारा वेळा मोजलं. दीडच.

आता दुसरं ऐका. आमच्याकडे लांब केसांची, फौजी कोटवाली काही पोरं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येतात आणि माझ्यासारखीच डोळे मिटून बसतात. मला वाटलं ही पण घाबरट. काल त्यांतल्या दाविदेला विचारलं तर तो म्हणाला, "अहो, खुनांकडे कोण बघतंय? आम्ही 'पहाटेचा कारखाना' ऐकायला येतो." हे बँडचं नाव आहे, मामा. या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आणि तो जिन्याचा भाग सात मात्रांत आहे, हे त्याने मला बोटांवर मोजून समजावलं. मी म्हटलं, "बाळा, सात नाहीत. सहा आहेत आणि एक वाट बघणं." तो असा बघत राहिला जणू मीच शिंपीण.

आमचे प्रोजेक्टर चालवणारे ओरेस्तेकाका मध्यंतरात लावायला आलेली तबकडी सांभाळतात. दोन खेळांच्या मध्ये त्यांनी मला वर बोलावून दुसरी बाजू अख्खी ऐकवली. अठरा मिनिटं, मध्ये थांबणं नाही. सुरुवातीला एकटी बासरी. मग ऑर्गन येतो, मग एक पेटी आहे, तिच्यात कोरसमधल्या शंभर बायका कोंडून ठेवल्यासारखा आवाज येतो. मग ढोल असे कोसळतात की मी ओरेस्तेकाकांची बाही धरली. ते म्हणाले, "मला तर डोकंच दुखतं बुवा." मला नाही दुखलं. मी रडत होते. गाणं एवढं लांब असू शकतं, ते असं घाबरवून घाबरवून शेवटी कुठेतरी उघड्यावर आणून सोडू शकतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या उघड्यावर वारा आहे, मामा. मनोऱ्यातल्या खिडकीतून येतो तो वारा.

आधी मी सिनेमाला घाबरत होते, ते बरं होतं. आता मला भलतीच धास्ती आहे. तो नसला तर? आणि असला तर तुम्ही काय कराल?

तबकडीचं कव्हर ओरेस्तेकाकांनी घरी नेलंय. त्यावर वाजवणाऱ्यांची नावं असतात म्हणे. उद्या आणतायत. उद्याच लिहिते.

नीवेस


वाल्स्कुरा, ३ डिसेंबर

नीवे,

तुझ्या 'उद्या'ला आज नऊ दिवस झाले.

पोस्टवाली रोज आमच्या दारावरून जाताना मान हलवते. काल ती म्हणाली, "बाची, तू हल्ली कुंपणाशी फार काम काढतोस." मी म्हटलं, कुंपण मोडलंय. ती म्हणाली, "कुंपण चांगलं आहे." 

दोन ओळी लिही. काहीही असो.

बाची


तुरिन, ५ डिसेंबर

प्रिय मामा,

उशिराबद्दल माफ करा. कव्हर पाहिलं. त्यावर कोणाची नावं नाहीत, नुसतं शिंपिणीचं चित्र आहे. तेव्हा ती गोष्ट तिथेच संपली. मलाच भास झाला असणार. इथे थंडी चांगली पडली आहे. मी ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका.

नीवेस


वाल्स्कुरा, ८ डिसेंबर

पोरी,

तू लहान होतीस तेव्हाही खोटं बोलताना भाषण द्यायला उभी राहिल्यासारखी सरळ व्हायचीस. हे पत्र तसं आहे. एकही टोमणा नाही. माझ्या गुडघ्याचं विचारलं नाहीस. बोकडाचं नाव नाही.

त्या कव्हरवर काय होतं?

आज सणाच्या घंटा वाजवताना दोनदा माझा हात एकट्या थोरलीच्या दांड्याकडे गेला. मयताच्या ठोक्यांसाठी. दोनदा मी तो मागे घेतला. चाळीस वर्षांत मी एकदाही चुकीच्या माणसासाठी ती घंटा वाजवलेली नाही, आणि का नाही ते तुला माहीत आहे. माझ्या बापाने वाजवली होती, मातेओ खलाशासाठी. नऊ महिन्यांनी मातेओ धडधडीत चालत आला. त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. ज्याच्यासाठी घंटा वाजली तो मेलेलाच, असं आपल्याकडे धरतात, त्याने स्वतः वर चढून, स्वतःच्या मुठीने, सणाची घंटा वाजवेपर्यंत. मातेओने वाजवली तेव्हा कुठे तिने दार उघडलं. आणि ते वर्ष संपायच्या आत करावं लागतं. एकतीस तारखेला वेदीवरून वर्षभरातल्या मेलेल्यांची नावं वाचली, की वाचलेलं नाव परत मिळत नाही.

तेव्हा मला अंदाजावर ठेवू नकोस. मी म्हातारा आहे, लहान मूल नाही. मला भीती वाटते, नीवे. हे मी कोणाला म्हटलेलं नाही, तुला म्हणतो. खरं लिही.

बाची


तुरिन, १० डिसेंबर

मामा,

बसून वाचा.

कव्हरच्या आत एक घडी घातलेला कागद होता. आपल्याकडे कोणी गेलं की चर्चच्या भिंतीवर लावतात तसा, काळ्या चौकटीचा, वर क्रूस. त्यावरची अक्षरं मी पन्नास वेळा वाचली, म्हणून पाठ झाली आहेत.

'फुल्विओ कानेपा, वय २६. १३ मार्चला अचानक आम्हाला सोडून गेला. त्याची बोटं आमच्याकडे राहिली, बाकीचा कुठे गेला कळत नाही. दुःखात – पहाटेचा कारखाना.'

मी ओरेस्तेकाकांना काहीच म्हटलं नाही. कागद घडी करून आत ठेवला आणि चारचा खेळ सुरू झाला म्हणून खाली गेले. जिना आला. सहा ठोके आले. मला वाटलं, मेलेला माणूस मूठ वर धरून थांबलाय आणि ती खाली येऊच नये. पण आली.

रोज चार वेळा येते. मला नोकरी सोडवत नाही, कारण सोडली तर त्याला ऐकायला कोण?

मामा, माझी चूक झाली. हे मी उकरलंच नसतं तर बरं झालं असतं. आईला सांगितलेलं नाही. तुम्ही एकटे राहू नका, फादर आन्सेल्मोंकडे जाऊन बसा.

नीवेस


तार

तुरिन, १४ डिसेंबर
बाची कानेपा, वाल्स्कुरा

फुल्विओ जिवंत आहे. कागद खोटा. घंटा वाजवू नका. पत्र येतंय. नीवेस


वाल्स्कुरा, १५ डिसेंबर

नीवे,

तार मिळाली. घंटा परवाच वाजली.

तुझं पत्र शनिवारी दहाला आलं. मी ते कुंपणाशीच उभ्याने वाचलं, बसायचं राहून गेलं. मग वर गेलो. चौऱ्याऐंशी पायऱ्या या गुडघ्याने कशा चढलो ते आठवत नाही. पुरुषासाठी थोरलीचे नऊ ठोके, तीन तीन करून. प्रत्येक ठोक्याआधी मूठ वर धरायची. नऊ वेळा मूठ वर धरली आणि नऊ वेळा वाटलं, नको मारूस. मग मारली. ज्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली होती तोच हात. दुसरा कुठून आणू?

खाली उतरलो तर चौकात सगळे जमलेले. कोण गेलं म्हणून विचारत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव मोठ्याने घेतलं, आणि ते या कामासाठी. पोस्टवालीने मला धरून घरी आणलं. दोन दिवस बायका चण्याचं सूप घेऊन येतायत. सूप उतू चाललंय. मी एक चमचा घशाखाली घातलेला नाही. फादर आन्सेल्मोंनी त्यांच्या वहीत नाव उतरवून घेतलं, एकतीस तारखेसाठी.

आज दुपारी तीच पोस्टवाली तार घेऊन आली. ती वाचून दाखवताना तिचा आवाज फाटला. ती हसत होती, मला हसता येईना. नीवे, आनंद झाला नाही असं म्हणत नाही. पण तो पोटात उतरायच्या आत भीती उतरली. तो जिवंत आहे आणि मी त्याला मारलं. आठवड्याभरात तो कुठे पाय घसरून पडला, गाडीखाली आला, तर ते कोणी केलं? मी. थोरलीवर. नऊ ठोके.

फादर म्हणतात, ही अंधश्रद्धा आहे, बाची. मी विचारलं, मग वहीतलं नाव खोडता? ते म्हणाले, "त्याला येऊन वाजवू दे, मग खोडतो." बघ, तेसुद्धा घाबरतात.

त्याला शोध. तो कुठे आहे? त्याला सांग, एकतीस तारखेच्या आत यायलाच हवं.

बाची


तुरिन, १९ डिसेंबर

प्रिय मामा,

तारेनंतर लगेच लिहिणार होते, पण ठरवलं, आधी त्याला या डोळ्यांनी बघायचं. कागदावर माझा विश्वास उरला नव्हता. काल बघून आले. आता क्रमाने सांगते.

रविवारी मध्यंतरात लांब केसांची टोळी बाहेर सिगरेटी ओढत होती. दाविदेच्या हातात तसाच काळ्या चौकटीचा कागद दिसला. तो दुसऱ्याला म्हणत होता, "माझ्याकडे ढोलवाला दोनदा आलाय. कोणाकडे कानेपा आहे का? एका कानेपावर दोन ढोलवाले देतो." फुटबॉलवाल्यांचे फोटो शाळेत बदलतात तसं, मामा! बँडमध्ये पाच जण आहेत. पाचांच्याही मयताच्या चिठ्ठ्या छापल्यात आणि प्रत्येक कव्हरमध्ये कुठलीतरी एक टाकली आहे. भयपट आहे म्हणून गंमत. शहरातल्या पोरांना गंमत वाटली. ज्यांच्या गावात भिंतीवर तो कागद लागला की टोपी काढतात त्यांना काय वाटेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी दाविदेच्या हातातले दोन्ही ढोलवाले फाडले. तो म्हणाला, "अहो बाई, वेड लागलं का?" मग मी तिथेच पायरीवर बसून इतकी रडले की त्यानेच मला पाणी आणून दिलं आणि पत्ताही.

ते पाचही जण पावियाजवळ भातशेतीतल्या एका जुन्या घरात राहतात. बसथांब्यापासून चिखलातून चालत गेले. दार त्यानेच उघडलं. हातात पळी होती, दाढी छातीपर्यंत, आणि डोळे तुमचे.

"अगं नीवे! केवढी झालीस! ये, भात लागतोय, आत ये."

"तू मेलायस," मी म्हटलं.

तो हसला. "ते होय? ती माझीच आयडिया. बरी जमली ना?"

"वाल्स्कुरात तुझी घंटा वाजली, फुल्विओ. नऊ ठोके. मामांनी वाजवली."

मामा, पळी पडली. तो तिथेच दाराशी बसला. आत भात करपला तरी कोणी उठलं नाही. त्याने विचारलं ते एवढंच, "थोरलीसाठी थांबले का?"

"नऊही वेळा," मी म्हटलं.

मग तो बोलला. कागदावर स्वतःचा मजकूर त्यानेच लिहिला. म्हणाला, "हा सिनेमा, हे संगीत आपल्याकडे कोण ऐकणार? वाटलं, आपल्यापैकी कोणाच्या हातात पडणारच नाही." त्याला मातेओची गोष्ट आठवत होती. रात्री मोटरसायकल चालवायची नाही, असं बाकीच्या चौघांनी त्याला माझ्यासमोर बजावलं, इतका तो घाबरलेला दिसत होता.

मी म्हटलं, "मग चल. एकतीसच्या आत."

तो म्हणाला, "बाबा जिवंत असेपर्यंत त्या जिन्याला पाय लावायचा नाही, असं ते म्हणालेत. मी चढलो आणि त्यांनाच काही झालं तर? एकाचं नाव खोडायला दुसऱ्याचं लिहायचं का?"

तो येईल असं मला वाटत नाही, मामा. निघताना त्याने मला तबकडी दिली, तुमच्यासाठी. तुमच्याकडे ती वाजवायला यंत्र नाही हे त्यालाही माहीत आहे. तरी दिली.

गुडघा कसा आहे? खरंच विचारते.

नीवेस


वाल्स्कुरा, २२ डिसेंबर

फुल्विओ,

हे पत्र नीवेसने तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं म्हणून नाही, मीच लिहितो आहे.

ते मी रागात म्हटलं होतं. रागातलं बोलणं फिरवण्यासाठी कोणाला मनोरा चढावा लागत नाही. मी खाली अंगणात बसून ते फिरवतो: चढ. मला काही होणार नाही. झालं तर सत्तरी गाठलेल्या माणसाला काही ना काही व्हायचंच असतं.

कुत्र्याची शेपटी चिकटवली आहे. कोणाच्या लक्षातही येत नाही.

किल्ली तिथेच आहे, सैल विटेमागे.

बाबा


वाल्स्कुरा, २९ डिसेंबर

प्रिय नीवे,

सुट्टीत तुमच्या थिएटरला गर्दी, तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो.

नाताळ गेला, तो आला नाही. सव्वीस गेली. सत्तावीसला मी बोकडावरसुद्धा ओरडलो. प्रत्येक गाडीचा आवाज आला की वाटायचं, आता कोणीतरी उतरून टोपी हातात घेऊन माझ्याकडे येईल आणि सांगेल, घाटात अपघात झाला. माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं.

काल दहाच्या गाडीने तो आला. मी बाहेर पडलो तोवर गाडी वळून गेली होती आणि चौकात सगळे उभे होते, पण जवळ कोणी जाईना. पोस्टवालीनेसुद्धा छातीवर क्रूसाची खूण केली. कोणी त्याच्याशी बोललं नाही, त्यानेही कोणाकडे पाहिलं नाही. सरळ मनोऱ्याकडे गेला, वीट काढली, किल्ली घेतली. माझ्यासमोरून गेला, नीवे, चार हातांवरून. दाढी फार आहे. मला हाक मारायची होती, पण घंटा परत फिरेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नसतं, म्हणून मी जीभ दाताखाली धरून उभा राहिलो.

चर्चच्या पायरीवर बसलो. वर त्याची पावलं ऐकू येत होती. मग लाकडी दांड्यांवर त्याने हात फिरवून पाहिले असावेत, कारण धाकटी एकदा हळूच वाजली. आणि मग सुरू झालं.

संत रोक्कोच्या सणाचीच चाल होती, माझ्या बापाची, पण तिच्यात तो सिनेमातला वारा होता. आता कळलं तू कशाला रडलीस ते. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

आणि काहीच नाही.

एक श्वास. दीड. थोरली तयार झाली. मी सांगतो ना, चाळीस वर्षं माझ्या दंडात आहे ते, ती तयार झाली होती. मूठ पडली नाही. दोन श्वास. तीन. चौकात कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. फादर आन्सेल्मोंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. वरचं लाकूड कुजकं आहे, गेल्या वर्षीच बदलायला हवं होतं. पडला. नाहीतर छातीत धरलं. वाजली ती घंटा खरी झाली.

मी उठलो. काठी पायरीवरच राहिली. चौऱ्याऐंशी पायऱ्या, नीवे. भिंतीला धरून, कधी हातांवर, कुत्र्यासारखा. एकेका वळणावर हाक मारत होतो, बोलायचं नसतं ते विसरून. फुल्विओ, फुल्विओ. वरून उत्तर नाही. शेवटच्या वळणावर माझा श्वास संपला आणि मी डोकं तेवढं वर काढलं.

तो उभा होता. धडधाकट. तोंड जिन्याकडे, आणि मूठ वर. तशीच वर, केव्हापासूनची.

माझं डोकं दिसलं आणि त्याने मूठ खाली आणली. थोरली अशी बोलली की माझे दात हलले.

मग म्हणाला, "किती वेळ लावलात, बाबा. हात भरून आला."

तुझा,
बाचीमामा